तीन दगड एका रेघेत: कोसळलेल्या डोंगरवाटेवरचं एक प्रकरण

वाटेचं नाव लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या सुट्टीत तिथे दहा गाड्या हजर होतात, आणि ती वाट आता दहाच काय, एका गाडीच्याही लायकीची उरलेली नाही. एवढं सांगतो, की एके काळी खाणीसाठी डोंगराच्या अंगात कोरलेला तो कच्चा रस्ता आहे, एका गाडीच्या रुंदीचा. जाताना डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे दरी. बारा किलोमीटरनंतर खिंडीत तो पक्क्या रस्त्याला मिळतो. आम्ही चौघं होतो आणि गाड्या दोन: माझी छोटी जिम्नी आणि मित्राची डबल कॅब पिकअप. पावसाचा जोर ओसरून तीन दिवस झालेले, त्यातले दोन दिवस चक्क ऊन.

‘ऊन पडलंय, वाळलं असेल’ हे वाक्य सकाळी कोण बोललं यावर आमच्यात अजून वाद आहे.

पहिली जागा: दरडीचा ढीग

तिसऱ्या किलोमीटरला दरड रस्त्यावर उतरली होती. मुरूम, माती, मधूनमधून कपाटाएवढे धोंडे, सगळं पंख्यासारखं पसरून पलीकडे दरीत सांडलेलं. रस्त्याच्या लांबीत साधारण वीस मीटर. वरून आधी कुणीतरी गाड्या नेल्या होत्या, चाकोऱ्या पडल्या होत्या. चाकोरी दिसली की माणूस अर्धा निर्धास्त होतो. पण चाकोरी एवढंच सांगते की कधीतरी एक गाडी इथून गेली. केव्हा गेली आणि परत आली का, हे तिला विचारून उपयोग नसतो.

उतरून चालत गेलो. दोन्ही चाकोऱ्यांवर आडवी फळी टाकून मोबाइलमधल्या कोनमापकाने कल मोजला: १७ अंश, दरीकडे. ऐकायला किरकोळ वाटतो. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून पाऊण मीटर धरला, तर कागदावर गाडी ४५ अंशांपर्यंत उलटत नाही. पण कागदावर स्प्रिंगा दबत नाहीत, टायर चेपत नाहीत, माती खचत नाही. डोंगराकडचं चाक १५ सेंटिमीटरच्या दगडावर चढलं की कलात पावणेसहा अंशांची भर पडते. त्याच वेळी दरीकडचं चाक तेवढंच रुतलं की आणखी तेवढीच. १७ चे २८ व्हायला एक श्वास पुरतो.

पिकअपच्या टपावर तंबू होता, साठेक किलोचा. एवढं वजन टपावर म्हणजे गुरुत्वमध्य आपण हाताने वर उचलून ठेवल्यासारखं. तो तिथेच उतरवायला हवा होता. बोल्ट आठ होते आणि पाना सामानाच्या तळाशी होता, म्हणून उतरवला नाही. कारण लिहिताना लाज वाटते, पण कारण हेच होतं.

मग फावडी काढली. आडवा कल कमी करायचे दोन मार्ग: दरीकडची चाकोरी भरून उंच करायची, किंवा डोंगराकडची खणून खाली न्यायची. दरीकडचा भराव म्हणजे मोकळ्या मातीवर मोकळी माती. चाकाचं ओझं आलं की ती बाहेर पळते. त्यामुळे सहसा डोंगराकडे खणतात. पण दरडीच्या ढिगात खणण्याची किंमत वेगळी असते. सुटा मुरूम-दगड साधारण ३० ते ४० अंशांच्या उतारावर जेमतेम तोल सांभाळून उभा असतो, आणि त्याच्या पायथ्याशी पडलेली माती हा त्या सगळ्याला लावलेला टेकू असतो. आपण फावड्याने काढतो तो तो टेकू. आम्ही वीतभरच खणलं, कल १३ अंशांवर आणला आणि थांबलो. त्या वेळी मला हा मोठा संयम वाटला होता.

एक गोष्ट मात्र चांगली केली. ढिगाच्या अलीकडे पक्क्या खडकावर एक दगड ठेवला, पलीकडे पक्क्या जमिनीवर दुसरा आणि मधोमध ढिगावर तिसरा, चपटा, चुन्यासारखा पांढरा. तिघे एका रेघेत. अलीकडच्या दगडामागे उकिडवं बसून एक डोळा मिटून पाहिलं की मधला दगड बरोबर पलीकडच्याला झाकत होता. ढीग सरकला तर मधला रेघ सोडणार. याला ना यंत्र लागतं ना बॅटरी.

टायरमधली हवा ३४ वरून २२ पीएसआयवर आणली. पिकअपवाल्याचं म्हणणं, १६ कर, पकड वाढेल. सपाट चिखल किंवा वाळू असती तर मीही १६ केली असती. हवा कमी केली की टायरचा जमिनीवरचा ठसा लांब होतो, हे खरंच. पण आडव्या कलावर गाडीचं वजन टायरला कडेने ढकलतं आणि फार सैल टायर रिमवरून निसटतो. शिवाय नुकत्याच फुटलेल्या दगडाच्या धारा सुरीसारख्या असतात, आणि फुगलेली साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, त्यांच्यापुढे धरल्यासारखी होते.

एका वेळी एकच गाडी, आत फक्त चालक, पट्टा बांधलेला. लो रेंज (वेग कमी, चाकांना जोर जास्त), पहिला गिअर, क्लचवरून पाय काढलेला. दोन्ही गाड्या काहीही न होता पार झाल्या. पिकअप मधोमध असताना वरून मूठभर खडे घरंगळले, ते आम्ही चाकांच्या हादऱ्याच्या खात्यावर मांडले.

दुसरी जागा: वाहून गेलेली मोरी

साडेसहा किलोमीटरवर एक ओढा रस्त्याखालून मोरीने जात असे. दगड-झाडोऱ्याने मोरीचं तोंड बुजलं, पाणी रस्त्यावर चढलं आणि दरीकडच्या बाजूने भराव खात खात मागे आलं. असं नेहमी दरीकडूनच सुरू होतं. पाणी तिथे खाली पडतं आणि पडेल तिथे खणतं. दोन मीटर रुंद, दरीकडे छातीएवढा खोल आणि डोंगराकडे गुडघ्याएवढा चर उरला होता.

भरण्याआधी वीसेक मिनिटं ओढ्याच्या अंगाने वर जाऊन आलो. तीन दिवस आधी एवढा पाऊस झालेला आणि पाणी घोट्याएवढंच का, हा प्रश्न होता. वर कुठे दरडीने प्रवाह अडवला असेल, तर असा ओढा शांत दिसतो आणि मग एकदम येतो. गढवालमध्ये १८९३ साली बिरही गंगेवर डोंगर कोसळून गोहना इथे तलाव साचला आणि १८९४ च्या ऑगस्टमध्ये तो फुटला. खाली तारेने निरोप देण्याची सोय आधीच केलेली होती, म्हणून एवढ्या मोठ्या पुरातून माणसं वाचली. आमचा ओढा त्यापुढे काहीच नाही, पण जीप वाहून न्यायला ओढाही पुरतो. वर अडथळा दिसला नाही. पाणीही नितळ होतं.

चर भरायला दीड तास गेला. तळाला मोठे दगड, फटी ठेवून, म्हणजे पाण्याला वाट राहते. त्यावर मध्यम, आणि वरून चपट्या दगडांची फरसबंदी. बारीक माती अजिबात नाही, ती पहिल्याच पाण्याने जाते. जिम्नी सहज उतरून चढली. तिचा मागचा कोन, म्हणजे मागच्या चाकापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंतचा चढ, भरपूर आहे. पिकअपचा मागचा कोन पंचविशीतला, त्यामुळे तिचा मागचा बंपर घासला आणि एक कोपरा तिथेच राहिला. तिरकं घ्यावं तर एकेक चाक उतरतं हे खरं, पण मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं हवेत लोंबतात आणि गाडी डुलते. दरीकडे छातीएवढा खड्डा असताना डुलण्यापेक्षा बंपर गेलेला बरा.

तिसरी जागा: चांगला दिसणारा रस्ता

आठव्या किलोमीटरला वाट एकदम सुधारली. सपाट, कोरडी, अंगावर बारीक गवतसुद्धा. पिकअपवाल्याने हॉर्न वाजवून आनंद व्यक्त केला. मी थांबलो, कारण दरीकडच्या कडेला समांतर एक भेग दिसली, बोटभर रुंद, सहा-सात मीटर लांब.

पहार घेऊन रस्त्यावर ठोकत गेलो. डोंगराकडे ‘टण्ण’. भेगेच्या बाहेर ‘ढब्ब’, रिकाम्या पिंपावर मारल्यासारखं. मग वळणावरून लांबून आडवं पाहिलं, तेव्हा कळलं. खालची माती पाण्याने निघून गेली होती आणि रस्त्याचा बाहेरचा भाग फूटभर जाडीच्या पापुद्र्यासारखा हवेत उभा होता. गवताची मुळं त्याला धरून होती. भेगेपासून डोंगरापर्यंतची पक्की रुंदी टेपने मोजली: १.९ मीटर. जिम्नीची रुंदी आरशांशिवाय १.६५ मीटर, पिकअपची जवळजवळ १.८५.

“बसते ना,” तो म्हणाला.

“आरसे मिटून, डोंगराला घासत, पाच सेंटिमीटर सोडून.”

“अरे, पुढे चारच किलोमीटर राहिलेत. मागे आठ आहेत, त्यात ती दरड आहे. कुठलं जास्त धोक्याचं, सांग!”

हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. निर्णयाच्या वेळी असाच हिशेब मनात येतो, आणि तो चुकतो कारण मागच्या आठांबद्दल थोडीफार माहिती होती, पुढच्या चारांबद्दल शून्य. पुढे आणखी एक चर निघाला तर हा पापुद्रा परत ओलांडावा लागला असता, एकदा दोन टनांची गाडी त्यावरून गेल्यानंतर. आणि भेग आज जिथे आहे तिथपर्यंतच जमीन पोकळ आहे, आत नाही, हे पहारीने तरी कुठे सांगितलं होतं? माझं मत आजही तेच आहे: तिथून मागे फिरलो ते बरोबर. चूक झाली ती पाच किलोमीटर आधी. पहिल्या दरडीवर आम्ही ‘पार होईल का’ एवढंच पाहिलं आणि ‘याच वाटेने संध्याकाळी परत यायचं ठरलं तर?’ हे कुणी विचारलंच नाही. बारा किलोमीटरची वाट आरपार आहे, याच समजुतीवर सगळे गाडीत बसले होते.

गाडी वळवायला जागा नव्हती. पाचशे-सहाशे मीटर मागे रस्ता थोडा रुंद होता, तिथवर रिव्हर्समध्ये गेलो. एक जण मागे चालत, चालकाच्या आरशात कायम दिसेल असा. त्याचा हात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, एवढाच नियम.

परतताना

मोरीपाशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. आमच्या डोक्यावर आभाळ मोकळं होतं, पण वरच्या खोऱ्यात कुठेतरी सर येऊन गेली असावी. पाणी पोटरीच्याही खाली, साधारण २० सेंटिमीटर, पण गढूळ आणि ओढ असलेलं. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते, की वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतं आणि ३० सेंटिमीटर बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं. आमचं बरंचसं पाणी दगडांच्या फटींतून जात होतं, फरसबंदी दिसत होती. दोन दगड परत बसवले आणि निघालो. अर्ध्या तासाने आलो असतो तर काय, हा विचार मी तेव्हा केला नाही.

दरडीपाशी पोचल्यावर मी पांढऱ्या दगडाकडे पाहिलं. उकिडवं बसलो, डोळा मिटला. पलीकडचा दगड पूर्ण दिसत होता. मधला दरीकडे सरकला होता, चांगला वीतभर. खात्रीसाठी दुसऱ्याला बसवलं. तो काही न बोलता उठला.

ढिगाच्या पायथ्याशी, सकाळी आम्ही खणलं होतं तिथे, ओल दिसत होती. सकाळी ती जागा कोरडी होती आणि इथे दिवसभर थेंबही पडला नव्हता. तीन दिवसांपूर्वीचं पाणी डोंगराच्या पोटातून आत्ता खाली पोचलं होतं. पाऊस थांबल्यावरही दरडी येतात त्या यामुळेच: मातीच्या कणांमधल्या फटींत पाणी भरतं, त्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना घट्ट धरेनासे होतात. वरून ऊन कितीही पडो. त्यात टेकू आम्ही काढलेला.

वीस मिनिटं नुसते बसून खडे मोजले. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा घरंगळले, पुढच्या दहांत एकदाही नाही. यावरून आम्ही ‘थांबलंय’ असा निष्कर्ष काढला. खरं तर निष्कर्ष असा निघत होता, की गाड्या इथेच सोडाव्यात आणि वरच्या झाडीतून वळसा घालून तीन किलोमीटर चालत उतरावं. दिवसाचा उजेड होता, चौघांचे पाय धड होते. पण गाडी सोडून जायचा विचार माणसाच्या तोंडून लवकर निघत नाही, आणि चौघांपैकी कुणीच तो आधी काढला नाही.

जिम्नी आधी नेली. हलकी आहे, गेली. मग पिकअप. निम्म्यात आल्यावर तिचं दरीकडचं मागचं चाक आवाज न करता खाली बसलं. खचलं असं म्हणायलाही फार हळू. टपावरचा तंबू मला आकाशाच्या बाजूने कलताना दिसला. मित्राने गाडी होती तिथे थांबवली. आडव्या उतारावर गाडी घसरू लागली तर चाकं उताराकडे वळवून हलका अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा असं शिकवतात, आणि मोकळ्या टेकाडावर ते बरोबरही आहे. पण खाली दीडशे फूट दरी असेल तर तो उपाय नसतो. इथे न हलणं हाच उपाय होता. इंजिन बंद, गिअर लावलेला, हँडब्रेक. तो डोंगराकडच्या दाराने बाहेर आला. कोनमापक नंतर लावला: २९ अंश.

यानंतर बारीकसारीक गोष्टी नीट झाल्या, त्या सांगतो. आधी गाडी ओढायची नाही, आधी बांधायची. ढिगाच्या कडेला, पक्क्या उतारावर एक जाड झाड होतं, गाडीच्या मागे आणि वरच्या अंगाला. चेसिसच्या डोंगराकडच्या हुकाला न ताणणारा दोर लावला आणि झाडाला पट्टा गुंडाळून त्यावर दोन वेढे दिले, म्हणजे एका माणसाला तो ताण धरून हळूहळू सैल सोडता येतो. मग टपावरचा तंबू उतरवला. आठही बोल्ट. सामान काढलं, पाण्याचे कॅन काढले. कल दोन अंशांनी उतरला.

जिम्नीने झटका देऊन ओढायचं कुणीतरी सुचवलं. लवचीक दोर ताणला जाऊन ओढतो, चिखलातल्या गाडीला तो उत्तम. पण हजार-बाराशे किलोच्या गाडीने दोन टनांच्या गाडीला, तेही तोल जाणाऱ्या कलावर, झटका द्यायचा म्हणजे ती पुढे येईल की आडवी फिरेल हे नशिबावर सोडणं. पिकअपमध्ये हाताने दांडी मारायचा विंच, म्हणजे तार खेचून गाडी ओढायचं यंत्र होतं, १,६०० किलो क्षमतेचं. लोक त्याला हसतात. पुढच्या बाजूला रस्त्यात अर्धा पुरलेला एक मोठा धोंडा होता, त्याला पट्टा बांधून विंच अडकवला. तारेवर ओलं पोतं टाकलं, म्हणजे तार तुटली तर चाबकासारखी उडणार नाही. तिच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

डोंगराकडच्या चाकांपुढची माती थोडी काढली. हो, पुन्हा टेकूच. म्हणून एकाला लांब, पक्क्या जागी उभं केलं. त्याचं काम एकच: वर बघायचं. हातात शिट्टी. फावडं नाही, दोर नाही, मोबाइल नाही. खणणारा माणूस वर बघू शकत नाही, आणि वर बघणाऱ्याने खणायला लागू नये यासाठी त्याच्यावर दोनदा ओरडावं लागलं, कारण मदत न करता उभं राहणं त्याला जमेना. शिट्टी एकदाच वाजली. सगळे पळाले, एक नारळाएवढा दगड आला आणि बॉनेटला लागून खाली गेला.

किल्ली स्विचमध्येच ठेवली, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. स्टिअरिंग पट्ट्याने सीटला बांधून सरळ ठेवलं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, गाडीत कुणी नाही. दांडी एकदा पुढे-मागे केली की तार बोटाच्या पेरांनी मोजावी एवढी आत येते. शे-दीडशे वेळा केली असेल. मागे झाडापाशी मित्र दोर सोडत होता, आणि पिकअप अंधारात, चालकाशिवाय, सात मीटर सरकत पक्क्या जमिनीवर आली. पावणेदोन तास लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पिकअपचं एक टायर साइडवॉलला कापलं गेलं होतं, मागचा बंपर गेलेला, बॉनेटला पोचा. हिशेबाला एवढंच. मित्र नंतर म्हणाला, “बघ, निघाली ना.” निघाली. पण त्या सात मीटरमध्ये ढीग हलला नाही, यात आमच्या कौशल्याचा काही भाग नव्हता, आणि हे त्याला अजून पटलेलं नाही.

झाडाचा पट्टा आणि एक फावडं अंधारात पलीकडेच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणायला दोघं चालत गेलो. रात्री पाऊस नव्हता. ढिगाच्या दरीकडच्या निम्म्या भागात चाकोरी उरलीच नव्हती. पिकअप जिथे कलून उभी होती तिथून पुढे सरळ खाली उतार होता, ओला, ताज्या मातीच्या रंगाचा. अलीकडचा दगड जागेवर, पलीकडचा जागेवर. मधला नव्हता. तो कुठवर गेला हे बघायला आम्ही कडेपर्यंत गेलो नाही. फावडं तिकडेच राहू दिलं.